छातीतला धोंडा आणि ऊर्जेचा बाजार

अलीकडे आपल्या वस्त्यांतून, विशेषतः शिकल्यासवरल्या घरांतून, एक नवी भाषा कानावर येऊ लागली आहे. ‘ऊर्जा अडली आहे’, ‘दुःख शरीरात साठून राहिले आहे’, ‘ते मोकळे करून घ्या म्हणजे दुखणे जाईल’, अशी ती भाषा. विहारात बुद्धवंदना म्हणणारी बाई दुपारी रेकीच्या वर्गाला जाते. शिक्षक असलेला कार्यकर्ता मित्र बोटांनी कपाळावर टिचक्या मारून मन शांत करतो. यात हसण्यासारखे काही नाही. ही माणसे कुठल्या गरजेपोटी तिथे जातात आणि त्यांना तिथे नेमके काय मिळते, हे पाहिल्याशिवाय त्यांना अंधश्रद्ध ठरवणे म्हणजे आपलाच आळस आहे. मी या प्रश्नाकडे त्रयस्थपणे पाहू शकत नाही, हे आरंभीच सांगते. माझ्या मायला घेऊन मीही शहागंजमधल्या अशाच एका जिन्याची पायरी चढले होते.

माझा बाप शहागंज ते जुना मोंढा हातगाडी ओढत असे. माय त्याच बाजारात डोक्यावर पाटी घेऊन भाजी विकायची. घड्याळाच्या मनोऱ्याखालून रोज शाळेत गेलेली मी त्या घरातली पहिली पदवीधर. आज एका महाविद्यालयात मराठी शिकवते. २०२१ च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, बाप गेला. रुग्णालयात आत जाता आले नाही. पिशवीत बांधलेला देह दुरून दाखवला. स्मशानात आम्ही चारजण होतो. घरी ना कुणी गळ्यात पडायला आले, ना पुण्यानुमोदनाला माणसे जमली. बंदी होती आणि भीतीही होती. फॉर्म भरणे, सह्या करणे, फोन घेणे, हे सारे मी केले. शिकलेली होते ना! माय रडली नाही. आणि मीही रडले नाही.

त्या पावसाळ्यापासून मायचे दुखणे सुरू झाले. पहाटे तीनला जाग, उजवा खांदा आखडलेला, अन्नावरची वासना गेलेली. “छातीवर धोंडा ठेवल्यावानी व्हतंय,” एवढेच ती सांगे. हृदयाचा आलेख काढला, तो स्वच्छ आला. डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. मग शेजारणीने त्या जिन्याचा पत्ता सांगितला.

कपड्याच्या दुकानावरची ती खोली होती. उदबत्ती, मंद संगीत, भिंतीवर माणसाच्या शरीरातील सात चक्रांचे चित्र. उपचार करणाऱ्या बाई गोड बोलणाऱ्या होत्या. एका बैठकीचे पाचशे रुपये. त्यांनी मायच्या शरीराच्या ठरावीक जागांवर दोन बोटांनी हलके ठोके द्यायला सुरुवात केली. तळहाताची कड, भुवईचा आरंभ, डोळ्याची बाजू, डोळ्याखालचे हाड, नाकाखाली, हनुवटी, हासळीचे हाड, काखेखाली, टाळू, असा क्रम. ठोके देता देता एक वाक्य म्हणवून घेत होत्या. हे दुःख असूनही मी स्वतःला स्वीकारते, अशा अर्थाचे. माय मध्येच थांबली. “स्वीकारते म्हंजी काय वं?” बाईंनी समजावले. मायने पुन्हा तोंड उघडले आणि ते वाक्य सोडून भलतेच बोलली: “मला त्यायला हात बी लावू देला नाई.” आणि मग तिने हंबरडा फोडला. खाली रस्त्यावर ऐकू जाईल असा. पाऊण तास ती बापाला नावाने हाका मारीत, त्याच्या एकेक गोष्टी सांगत हेल काढून रडली. त्या रात्री ती सहा तास झोपली.

हे घडले, आणि मी ते डोळ्यांनी पाहिले. प्रश्न असा, की हे का घडले?

या पद्धतीचा इतिहास फार जुना नाही. तो प्राचीन असल्याची हवा मात्र केली जाते. टिचक्यांचा हा प्रकार अमेरिकेतला. रॉजर कॅलहान नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या सुमारास तो सुरू केला आणि १९९० नंतर गॅरी क्रेग नावाच्या अभियंत्याने सोपा करून पसरवला. त्यात चिनी सुईउपचारातील बिंदूंचा आधार घेतलेला आहे. रेकीही शंभरेक वर्षांपूर्वीचीच आहे. जपानमध्ये मिकाओ उसुई यांनी १९२२ साली ती सुरू केली आणि हवायो ताकाता या बाईंमार्फत ती हवाई बेटांवरून पश्चिमेकडे गेली. तिथून फिरून ती आपल्याकडे आली ती ‘आपलीच प्राचीन विद्या’ म्हणून! या प्रवासात दरपत्रक तेवढे वाढत गेले.

दावा असा आहे, की शरीरात एक जीवनऊर्जा वाहते. आघाताने ती अडते. बोटाने, हाताने किंवा नुसत्या संकल्पाने ती वाहती करता येते. माझ्या वर्गाशेजारच्या वर्गात पदार्थविज्ञान शिकवतात. तिथे ऊर्जा मोजली जाते, तिला एकक आहे. उपचारकाच्या हातातील ही ऊर्जा मात्र आजवर कुणी मोजून दाखवलेली नाही. अमेरिकेत एमिली रोझा नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीने शाळेच्या प्रकल्पासाठी एक साधा प्रयोग केला. रुग्णाच्या अंगावरून स्पर्श न करता हात फिरवून ‘ऊर्जाक्षेत्र’ जाणवते असे म्हणणारे २१ उपचारक तिने पडद्याआड बसवले, पडद्याखालून त्यांचे दोन्ही हात पुढे घेतले, आणि आपला हात त्यांच्या कुठल्या हाताजवळ आहे ते ओळखायला सांगितले. २८० वेळा विचारले. १२३ वेळा, म्हणजे शेकडा ४४, उत्तर बरोबर आले. नाणे उडवून ठरवले असते तरी शेकडा ५० आले असते. १९९८ साली हा प्रयोग अमेरिकेतील नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापला गेला. टिचक्यांबाबतही २००३ साली अशीच एक तपासणी झाली. काही विद्यार्थ्यांना ठरलेल्या बिंदूंवर, काहींना भलत्याच जागी, तर काहींना चक्क बाहुलीवर टिचक्या मारायला लावल्या. भीती तिन्ही गटांत सारखीच कमी झाली.

म्हणजे बिंदूंचे शास्त्र खोटे ठरते. पण आराम मात्र खराच राहतो. आपल्याकडच्या बुद्धिवादी मंडळींचे लक्ष पहिल्या अर्ध्या वाक्यावर असते, आणि उपचाराच्या व्यापाऱ्यांचे दुसऱ्या अर्ध्यावर. दोन्ही एकत्र धरले तरच मायचे काय झाले ते कळते.

दुःख शरीरात उतरते, ही गोष्ट भाकड नव्हे. आपली भाषाच पाहा. काळजाला घरे पडतात, पोटात कालवते, छाती फुटते, हातपाय गळतात. १९९० साली जपानी डॉक्टरांनी हृदयाच्या अशा एका विकाराचे वर्णन केले, की ज्यात तीव्र भावनिक आघातानंतर हृदयाचा खालचा भाग फुगून आठपाय मासा पकडण्याच्या मडक्यासारखा दिसतो. त्या मडक्याचेच नाव, ताकोत्सुबो, विकाराला दिले गेले. हा विकार बहुधा उतारवयातील स्त्रियांत आढळतो. आघाताच्या काळात शरीर सतत धोक्याच्या पवित्र्यात राहते: श्वास उथळ, खांदे वर ओढलेले, जबडा आवळलेला, झोप चाळवलेली. श्वास सावकाश सोडला की व्हेगस नावाच्या मज्जातंतूमार्फत हृदयाची गती मंदावते. शरीराला ‘धोका टळला’ असा निरोप पोचतो. कुणी मायेने अंगावरून हात फिरवला, लयीत थोपटले, तरी असाच निरोप जातो. तान्ह्या लेकराला थोपटणारी कुठलीही बाई हे जाणते. त्यासाठी तिला कुणी पदविका दिलेली नसते. मायला त्या खोलीत तीन गोष्टी मिळाल्या: अंगाला माणसाचा स्पर्श, बसायला निवांत जागा, आणि ‘तुला काय झाले ते बोल’ म्हणणारे कुणीतरी. वर्षभर यातली एकही तिला मिळाली नव्हती. पाचशे रुपयांत आम्ही त्या विकत घेतल्या.

विकत का घ्याव्या लागल्या, हे आपण स्वतःला विचारायला हवे. टाळेबंदी हे अर्धेच उत्तर झाले.

आपल्या आज्यांच्या काळी दुःखाला शरीर होते. मयताच्या घरी बाया एकमेकींच्या गळ्यात पडत, छाती बडवीत, मेलेल्याचे गुण गाऊन रडत. नवी बाई उंबऱ्यात आली की रडणे पुन्हा पहिल्यापासून. त्याच जगात अंगात येणेही होते, देवरशी होता, मरीआईचा गाडा होता. ज्या सुनेला एरवी तोंड वर करता येत नसे, ती अंगात आल्यावर सासऱ्यालाही सुनावत असे. १९५६ साली बाबासाहेबांनी आपल्याला या चिखलातून बाहेर काढले. बावीस प्रतिज्ञांतील सहावी प्रतिज्ञा श्राद्धपक्ष आणि पिंडदान नाकारते. ते नाकारणे योग्यच होते; देवरशाने किती कोंबड्या आणि किती बाया खाल्ल्या याचा हिशेब आपल्याच घरांत आहे. परंतु देवरशाला घालवताना आपण रडण्यालाही घालवले काय, अशी मला शंका येते. शिकलेल्या पिढीला मोठ्याने रडण्याची लाज वाटू लागली. आपले पुण्यानुमोदन आता कसे असते? पुढे खुर्च्या, ध्वनिवर्धक, पाच-सहा वक्ते, मृताच्या सामाजिक कार्याचा आढावा. आणि जिचा माणूस गेला ती बाई मागे सतरंजीवर, पदर तोंडाशी धरून. तिला कुणी बोल म्हणत नाही. ‘बुद्धाने अनित्यता सांगितली आहे, रडू नका’, असा उपदेश तेवढा केला जातो.

बुद्धाने असे सांगितले काय? महापरिनिब्बान सुत्तात भगवंतांचा अंत जवळ आल्यावर आनंद आत जाऊन दाराला टेकून रडतो. भगवान त्याला बोलावून घेतात, समजूत घालतात आणि सर्वांसमोर त्याच्या सेवेची वाखाणणी करतात. रडला म्हणून त्याला संघाबाहेर काढले नाही! अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यात महापरिनिर्वाणाची सात मीटरांहून अधिक लांब मूर्ती आहे. मी दरवर्षी विद्यार्थ्यांना घेऊन जाते आणि त्यांना मूर्तीचा चेहरा पाहून झाल्यावर खालची रांग पाहायला सांगते. तिथे शिष्य बसलेले आहेत. कुणाचा हात गालाला, कुणाची मान खाली. पाचव्या शतकातल्या शिल्पकाराने शोकाला दगडात जागा दिली. हे लेणे बुद्धभद्र नावाच्या भिक्षूने आपल्या दिवंगत मित्राच्या, भव्विराजाच्या, स्मरणार्थ अर्पण केले, असे तिथला शिलालेख सांगतो. १७ क्रमांकाच्या लेण्याच्या लेखात तर धाकट्या भावाच्या, रविसांबाच्या, मृत्यूने व्याकूळ झालेल्या राजपुत्राची हकीकत आहे. त्या शोकातूनच त्याने दानधर्म वाढवला. म्हणजे आपल्या जिल्ह्यातील बौद्ध वारशाचा एक मोठा भाग हा दुःखातून उभा राहिलेला आहे, आणि ते दुःख लपवलेले नाही.

पटाचारेची कथाही पुन्हा वाचण्यासारखी आहे. नवरा, दोन मुले, आईबाप, भाऊ, सारे एकदम गेले. भान हरपून ती उघडी हिंडत असता लोक तिला हुसकत होते. भगवंतांनी तिला जवळ येऊ दिले. एका माणसाने आपले वस्त्र तिच्याकडे टाकले. आधी वस्त्र आणि मग धम्म, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. पुढे ती थेरी झाली आणि लेकरे गेलेल्या बाया तिच्याकडे येऊ लागल्या. थेरीगाथेत त्यांच्या गाथा आहेत. दुःखी बायांनी दुःखी बायांना सावरण्याची परंपरा आपल्याकडे इतकी जुनी आहे.

आता विपश्यनेबद्दल. सत्यनारायण गोयंका १९६९ साली ब्रह्मदेशातून ही साधना घेऊन भारतात आले. १९७६ पासून इगतपुरीचे केंद्र सुरू झाले. दहा दिवस मौन, पहाटे चारला उठणे, आरंभी साडेतीन दिवस श्वासाकडे लक्ष आणि नंतर डोक्यापासून पायापर्यंत शरीरातील संवेदना तटस्थपणे पाहणे, असा तिचा क्रम. शुल्क नाही; आधी शिबिर केलेल्यांच्या दानावर ती चालते. आपल्या समाजातील हजारो माणसे हे शिबिर करून आली आहेत. मीही एकदा दिवाळीच्या सुट्टीत केले. पाचव्या दिवशी घशात आवळून बसलेले काहीतरी सुटले आणि मी दीड वर्षाने रडले. कुणी ‘ऊर्जा सुटली’ म्हणेल. मला एवढेच दिसले, की फोन नव्हता, फॉर्म नव्हते, आणि स्वतःच्या घशाकडे पाहायला प्रथमच सवड मिळाली.

मात्र दोन हरकती नोंदवणे अवश्य आहे. ज्याला तीव्र मनोविकार आहे किंवा ज्याचा आघात अगदी ताजा आहे, त्याने दहा दिवसांच्या मौनात एकदम उडी घेऊ नये; काहींचा त्रास त्याने वाढल्याची उदाहरणे आहेत. दुसरी हरकत आपल्या चळवळीतूनच आलेली आहे. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रास्ताविकातच चार आर्यसत्ये मुळात बुद्धाची आहेत काय, असा प्रश्न केला आहे. आणि सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण त्यांनी म्हातारा, आजारी आणि प्रेत यांत न शोधता रोहिणी नदीच्या पाण्याच्या भांडणात शोधले आहे. दुःख हे माणसामाणसांतील अन्यायातूनही निपजते, हा त्यांचा मुख्य आग्रह. मग मराठवाड्याला विचारा: १९७८ च्या ऑगस्टमध्ये नामांतराच्या दंगलीत पोचीराम कांबळे मारले गेले, त्यांच्या घरच्यांचे दुःख कुठल्या बिंदूवर टिचक्या मारून मोकळे करायचे? त्या दुःखातून माणसे उठली, लाँग मार्च निघाला, आणि १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव लागले. ७ डिसेंबर १९५६ रोजी दादरच्या स्मशानभूमीत बाबासाहेबांच्या देहासमोर लाखाच्या आसपास माणसांनी भदन्त आनंद कौसल्यायन यांच्याकडून दीक्षा घेतली. एवढे मोठे दुःख एवढ्या थोड्या वेळात एवढ्या ठाम कृतीत उतरल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही. त्या गर्दीला कुणी ‘दुःख सोडून द्या’ म्हटले नव्हते.

तरीही मी या हरकतीशी पूर्ण सहमत नाही. मोर्चातून घरी परतल्यावर रात्री तीनला जागे होणारे शरीर एकट्याचेच असते. आपले किती कार्यकर्ते दारूने गेले, किती हृदयविकाराने चाळिशीत गेले, हे आपण कुजबुजत बोलतो. त्याची चर्चा आपल्या व्यासपीठावर होत नाही.

शहागंजच्या त्या खोलीत पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. पाचव्या बैठकीत बाईंनी सांगितले, की खांद्यातली गाठ ही ‘पूर्वजांची अडकलेली ऊर्जा’ आहे. एकवीस बैठकांचे अकरा हजार होतील, आणि सोबत पितरांच्या शांतीसाठी एक छोटा विधी करावा लागेल. समोरच्या दाराने घालवलेला देवरशी मागच्या जिन्याने वर आला होता! मी मायकडे पाहिले. ती उठली, पदर नीट केला, आणि म्हणाली, “चल बाई, आपन श्राद्ध सोडलंय.” अक्षरही न वाचता येणाऱ्या मायला सहावी प्रतिज्ञा माझ्याआधी आठवली.

त्यानंतर आमच्या मोहल्ल्यातल्या विहारात आम्ही पौर्णिमेला बायांची एक बैठक सुरू केली. करतो ते असे. भिंतीला टेकून बसायचे. गुडघे दुखणाऱ्यांना खुर्ची. दहा मिनिटे फक्त श्वास पाहायचा, सोडताना जरा लांब सोडायचा. डोळे मिटल्याने जीव घाबरला तर उघडे ठेवायचे आणि पाय जमिनीवर दाबायचे. मग जिला वाटेल तिने आपल्या गेलेल्या माणसाचे नाव घेऊन बोलायचे. रडे आले तर आवाज दाबायचा नाही. शेजारणीने पाठीवर हात ठेवायचा, पण आधी विचारून. रडे आले नाही तरी चालते. रडल्याशिवाय दुःख जात नाही, हाही एक नवा धाकच आहे. पुष्कळ माणसे न रडताही सावरतात. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या अभ्यासकांनी १९९९ साली मांडले, की शोकात माणूस कधी हरवलेल्याकडे आणि कधी पुढच्या संसाराकडे असा ये-जा करीत असतो, आणि ही ये-जा हेच सावरणे होय. म्हणून बैठकीच्या दुसऱ्या भागात चहा घेऊन आम्ही कागद काढतो. करोनाने गेलेल्यांच्या वारसांसाठी त्या काळी मिळणारे पन्नास हजारांचे सानुग्रह साहाय्य, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज, रेशनकार्डावरचे नाव. माझ्या मायच्या छातीवरचा धोंडा रडण्याने निम्मा हलला असेल, तर बापाच्या मृत्यूच्या दाखल्यातली चूक एका कार्यालयात सात खेपा घालून दुरुस्त करून घेतली तेव्हा उरलेला हलला. त्याच्या मरणाचे खरे कारण कागदावर आले, हे तिला हवे होते. ऊर्जावाल्या बाईंनी तिला हे कधी विचारलेच नाही.

वर्ष उलटूनही जिचे जेवण, झोप, काम सुटलेलेच आहे, किंवा जिच्या तोंडी मरणाची भाषा आहे, तिला आम्ही बैठकीच्या भरवशावर ठेवत नाही. घाटी रुग्णालयात मनोविकार विभाग आहे, तिथे सोबत जातो. २०२२ पासून १४४१६ हा सरकारी दूरध्वनी आहे; त्यावर मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत. लांबलेला शोक हा आता वैद्यकशास्त्रानेही स्वतंत्र आजार मानला आहे, त्यात लाजण्यासारखे काही नाही.

मायचा खांदा मात्र तसाच राहिला होता. शेवटी हाडांच्या डॉक्टरांना दाखवला. त्यांनी हात वर करायला लावला, मागे न्यायला लावला, आणि विचारले, “आजी, काम काय करत होता?” तीस वर्षे डोक्यावरची पाटी उजव्या हाताने धरली, असे तिने सांगितले. खांद्याचा सांधा आखडला आहे, दुःखाबिखाची गाठ नव्हे, व्यायाम करा, असे ते म्हणाले. आता ती रोज सकाळी भिंतीजवळ उभी राहून बोटांनी वर वर चढत जाते, आणि जिथवर हात पोचला तिथे कोळशाने रेघ मारून ठेवते.